डोंगरअंगाला ठेवलेला तांब्या

नामा मढव्यांच्या खोलीत पाण्याचा तांब्या कुठे आहे असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर ठरलेले असे: डोंगरअंगाला. चष्मा खाडीअंगाला, औषधांचा डबाही खाडीअंगाला, पण भिंतीलगत. वयाची पंच्याऐंशी वर्षे या माणसाने डावे आणि उजवे या दोन शब्दांवाचून काढली होती, आणि त्यावाचून त्याचे कधी काही अडले होते असेही नाही. पाणखार गावाच्या पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी; मधल्या पट्ट्यात जे जे होते ते एक तर डोंगराच्या अंगाला होते, नाहीतर खाडीच्या. बैलाचे मोडके शिंग, जेवणाच्या पानातले मीठ, फोटोत उभा असलेला पाहुणा, सगळ्यांची जागा याच दोन शब्दांत सांगितली जाई आणि ऐकणाऱ्याला ती बिनचूक सापडे.

आता खिडकीतून डोंगर दिसत नव्हता. बावीस मजल्यांचा एक टॉवर दिसत होता आणि त्याच्या पायथ्याशी सोसायटीची भिंत. खाडी तर त्याही आधी दिसेनाशी झाली होती. शहराचे नियोजन ज्यांनी केले ते सुशिक्षित लोक होते. त्यांनी मिठागरे, भातखाचरे आणि पाण्याच्या वाटा यांना क्रमांक दिले, क्रमांकांना सेक्टर म्हटले, आणि उरलेल्या घरांच्या पुंजक्याला गावठाण असे नाव देऊन तो नकाशाच्या पोटात ठेवून दिला. गिळलेली वस्तू जिथे असते तिथे.

या गावठाणातल्या दुमजली घरात नामांची मुलगी निशिगंधाबाई राहत. वय अठ्ठावन्न, लग्न केलेले नाही, आणि वाशी परिसरातल्या ज्या कोणाला जपानी येत असे त्याने ते बहुधा त्यांच्याकडून किंवा त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून शिकलेले. तीस वर्षे त्यांनी जपानी शिकवले, कारखान्यांसाठी यंत्रांच्या पुस्तिका भाषांतरित केल्या, दोनदा शिष्टमंडळांबरोबर दुभाषी म्हणून टोकियोला जाऊन आल्या. वर्गात मुले त्यांना सेन्सेई म्हणत. गावात त्यांना अजूनही कोणी कोणी ‘नामाची निशी’ म्हणे, तेव्हा त्या मान हलवत, पण थांबत नसत.

जपानी त्यांच्याकडे आले ते खोक्यांवरून. मिठागर बंद झाल्यावर नामांना तुर्भ्याच्या एका कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. जमिनीच्या बदल्यात नोकरी, असा तो न्याय होता: ज्याने आयुष्यभर खाडीचे पाणी अडवून, वाळवून, त्यातून पांढरे शुभ्र पीक काढले, त्याला एका फाटकापाशी बसवायचे. त्या कारखान्यात जपानहून यंत्रे येत. खोक्यांत भरलेले छापील कागद नामा घडी घालून घरी आणत आणि आई ते फळीवर पसरून त्यावर पितळी डबे मांडत असे. डबे पुसण्याचे काम निशीचे. बारा वर्षांची असताना तिने डबे पुसता पुसता ती अक्षरे गिरवायला सुरुवात केली. वाचता येत नव्हती, म्हणून तर ती इतकी सुंदर वाटत होती. पुढे वाचता आली तेव्हा कळले की फळीवर सबंध लहानपण ‘ओल लागू देऊ नका’ एवढेच लिहिलेले होते.

मग दादरचा शनिवार-रविवारचा वर्ग. पुलावरून बसने जायचे, परत यायचे. आणि एकोणीसशे सत्त्याऐंशी साली, विसाव्या वर्षी, जपानला दोन वर्षे शिकायला पाठवणाऱ्या शिष्यवृत्तीची तोंडी परीक्षा. लेखी परीक्षेत ती पहिली आली होती. तोंडी परीक्षा घ्यायला तिघे बसले होते, त्यातले बोलणारे एकच, एक मराठी प्राध्यापक, ज्यांच्या सदऱ्याच्या कॉलरपासून व्याकरणापर्यंत सगळे कडक इस्त्रीचे होते. त्यांनी विचारले, बसथांब्यापासून तुझ्या घरी कसे यायचे ते सांग.

तिला आनंदच झाला होता. इतके ओळखीचे काही कोणी विचारील असे तिला वाटले नव्हते. तिने सांगितले की पुलापासून डोंगराकडे चालत या, वडापाशी आलात की खाडीकडे वळा, बंद पडलेले मिठागर दिसेल, भरती असेल तर बांधावरून या, ओहोटी असेल तर खालून आलात तरी चालेल. एकही प्रत्यय चुकला नव्हता. प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि मराठीतून, जरा हसून, म्हटले, “जपानी ही नेमकी भाषा आहे, बाई. तुमच्या गावातला डोंगर तिच्यात नाही. दिशा चार असतात. नाहीतर डावे आणि उजवे. शेताच्या बांधावरची भाषा बांधावरच ठेवून यावी.”

शिष्यवृत्ती दुसऱ्या कोणाला मिळाली. निशीने त्या दिवसापासून डोंगर आणि खाडी दोन्ही बांधावर ठेवून दिले. इतके नीट ठेवले की वडिलांशीही ती पुस्तकी मराठीत बोलू लागली आणि ‘बाबा, तू’ म्हणणारी मुलगी ‘बाबा, तुम्ही’ म्हणू लागली. नामांनी त्याचे कौतुकच केले. पोर शिकली की असे होते, असे ते लोकांना सांगत.

*

ज्ञानेश्वरी घाडगे या घरात आली ती जूनमध्ये. बावीस वर्षांची, तुर्भ्यात वाढलेली. वडील मानसिंग घाडगे मूळचे साताऱ्याकडचे, एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पाठीवर गोणी वाहून ज्याचा मणका पन्नाशीत वाकला त्या माणसाने मुलीला जपानला पाठवायचे मनावर घेतले होते. जपानला म्हातारी माणसे सांभाळायला हात हवे होते आणि तुर्भ्यात हात भरपूर होते. या साध्या गणिताला वाशीतली प्रशिक्षण केंद्रे ‘ग्लोबल करिअर’ म्हणत.

असे एक केंद्र कुलदीप निकमचे. तो निशिगंधाबाईंचाच जुना विद्यार्थी. बुद्धीने बरा, घाईने थोर. भाषा ही तीन महिन्यांत पोहोचवायची वस्तू आहे असे त्याचे मत होते आणि बाजार त्याच्या बाजूने होता. अवघड मुलींना तो बाईंकडे पाठवी. ज्ञानेश्वरीची तोंडी परीक्षा कच्ची म्हणून तिला पाठवले, आणि बाईंनी तिला एक सौदा सुचवला: रोज दुपारी चार तास बाबांजवळ बसायचे, त्यांचे हवे-नको पाहायचे, संध्याकाळी दोन तास शिकवणी. सरावही होईल. आपल्या बापाला सांभाळायला माणूस मिळत नाही म्हणून परक्यांच्या बापांना सांभाळायला निघालेली मुलगी उसनी घ्यावी, यातला विनोद बाईंच्या लक्षात आला नव्हता असे नाही.

शिकवणीला बाईंची जुनी हस्तलिखित वही होती. तिच्यातला सातवा धडा जागेचा, दिशेचा आणि वेळेचा. मराठीत घरात असणे आणि घरात जेवणे या दोहोंना एकच ‘त’ पुरतो. जपानी तसे करू देत नाही. नुसते असायचे असेल तर ‘नि’, काही करायचे असेल तर ‘दे’. जायच्या रोखाला ‘ए’, निघायच्या ठिकाणाला ‘कारा’, पोहोचायच्या ठिकाणाला ‘मादे’. ज्ञानेश्वरीला पहिल्यांदा ते कळेना, म्हणून बाईंनी वही मिटली आणि म्हटले, तुझे वडील मार्केटात आहेत, आणि तुझे वडील मार्केटात गोणी उचलतात. यातले एक नुसते असणे, दुसरे कष्ट. ज्ञानेश्वरी म्हणाली, “पप्पा मार्केटात नुसते कधी नसतातच सेन्सेई. ‘दे’च आलं सगळीकडं.” बाई बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसल्या.

वेळेचेही तसेच. सातला, सोमवारी, जूनमध्ये, इथे ‘नि’ लागतो. पण ‘काल’ला काही लागत नाही. काल हा नुसता काल असतो. मुलीने विचारले, असे का? बाईंनी व्याकरणातले कारण सांगितले, ते बरोबर होते. सांगताना त्यांची नजर मात्र वहीच्या पानावर अडकली होती, जिथे पंचवीस वर्षांपूर्वीच्या निळ्या शाईत एक नमुन्याचे वाक्य होते: काल मिठागरात बाबा मीठ ओढत होते. पांढऱ्या ढिगाऱ्यांवर संध्याकाळचे ऊन, आईने गवताने शाकारलेल्या खोपीत ठेवलेली भाकरी, बांधावरून डोक्यावर टोपल्या घेऊन परतणाऱ्या बायकांची एकामागून एक रांग. वाक्यात यातले काहीच नव्हते. नमुन्याच्या वाक्यात असायचे कारणही नव्हते.

दुपारी ज्ञानेश्वरीला नामा शिकवत. त्यांना आपण शिकवतो आहोत याचा पत्ता नव्हता. “पोरी, तांब्या डोंगरअंगाला ठेव गो,” म्हणत, आणि तिने चुकीच्या बाजूला ठेवला की हात चाचपडत हवेत फिरे. पहिल्या आठवड्यात तिने वैतागून विचारले, “आजोबा, डोंगर दिसतोय तरी का हितनं? समोर टॉवर हाय नुसता.”

नामा म्हणाले, “दिसत नाय म्हनून गेला काय त्यो?”

त्यानंतर ती चुकली नाही. महिन्याभरात तर तिला सवयच लागली. उशी खाडीअंगाला सरकवली, काठी डोंगरअंगाला टेकवली, असे ती नामांना सांगे आणि नामा कुठेही न चाचपडता उठत, बसत, पाणी पीत. दृष्टी निम्मी गेलेल्या माणसाला डावे-उजवे कूस बदलताच फितूर होतात. डोंगर होत नाही. ज्ञानेश्वरीच्या हे लक्षात आले होते. निशिगंधाबाईंच्या, आयुष्यभर त्याच घरात राहून, आले नव्हते.

*

सप्टेंबरात सराव-मुलाखत झाली. कुलदीपने स्वतः घेतली. त्याच संध्याकाळी तो बाईंच्या घरी आला. बसला नाही.

“मॅडम, पोरगी चांगली आहे, पण काय शिकवलंय तिला? स्टेशनपासून घर सांग म्हटलं, तर म्हणते डोंगराच्या दिशेने चाला. अहो, मुलाखत घेणारा जपानी माणूस डोंगर कुठून आणणार? गूगल मॅपवर नॉर्थ असतो. माझं मॉडेल आन्सर आहे, लेफ्ट-राइटवालं. पंधरा दिवस आहेत. ही गावठी सवय काढा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. आणि पुढच्या वर्षी तिचे पप्पा तिला थांबवून घेतात का लग्न लावतात, मला टेन्शन.”

ज्या देशाचा बहुतेक भाग डोंगरांनी व्यापलेला आहे, तिथल्या माणसाने डोंगर कुठून आणायचा, हा प्रश्न खरे तर हसण्यासारखा होता. बाई हसल्या नाहीत. कुलदीपच्या आवाजात त्यांना अडतीस वर्षांपूर्वीचा चष्मा काढल्याचा आवाज ऐकू आला. आणि त्यांनी तेच केले जे तेव्हा केले होते. घाबरल्या.

पंधरा दिवस त्यांनी ज्ञानेश्वरीला घोकवले. उजवीकडे वळा, सरळ जा, डावीकडे दुसरी इमारत. डोंगर हा शब्द उच्चारला की वाक्य पुन्हा पहिल्यापासून. मुलगी निमूटपणे करत होती, फक्त एकदा म्हणाली, “पण सेन्सेई, आजोबांना असं सांगितलं तर कळत नाही.” बाई म्हणाल्या, मुलाखत आजोबा घेणार नाहीत.

ते खरेच होते. म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट केली. एका सकाळी त्या बाबांच्या खाटेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “बाबा, पंधरा दिवस त्या मुलीसमोर डोंगर-खाडी म्हणू नका. तिच्या नोकरीचा प्रश्न आहे. डावं-उजवं म्हणा.”

नामांनी मान डोलवली. मुलीच्या शिक्षणापुढे त्यांनी आयुष्यभर मान डोलवलीच होती. दुपारी ज्ञानेश्वरी आली तेव्हा त्यांना पाणी हवे होते. डावे कोणते ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी नुसते बोट दाखवले. दुसऱ्या दिवशीही बोट. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते मागेनासेच झाले. ज्ञानेश्वरी आपणहून भांडे ओठाला लावी तेव्हा पीत. भरती कधी आहे हे रोज विचारायचे, तेही थांबले. बाईंनी हे पाहिले आणि वयोमानावर ढकलले. सुशिक्षित माणसाला ढकलायला नेहमीच काहीतरी सापडते.

*

मुलाखत ऑनलाइन, कुलदीपच्या केंद्रातल्या छोट्या खोलीत. ज्ञानेश्वरी पडद्यासमोर, पांढरा सदरा, केस घट्ट बांधलेले. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात कुलदीप आणि निशिगंधाबाई. दाराबाहेर बाकावर मानसिंग घाडगे, मार्केटातून तसेच आलेले, कपड्यांना कांद्याचा वास. आत यायचे नाही असे त्यांना सांगितले होते, म्हणून ते दाराकडे पाठ करून बसले होते.

पलीकडे कोबे शहरातल्या एका वृद्धाश्रमाच्या प्रमुख, होरिउचि-सान, साठीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी नाव-गाव विचारले, ज्ञानेश्वरीने पाठ केलेले म्हटले. स्टेशनपासून घर विचारले. उजवीकडे, सरळ, डावीकडे दुसरी इमारत. कुलदीपने अंगठा वर केला. मग होरिउचि-साननी समोरचा कागद बाजूला ठेवला आणि विचारले की तू एका आजोबांची काळजी घेतेस असे इथे लिहिले आहे, त्यांच्या खोलीत काय काय कुठे असते, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू तिथे काय करतेस?

हे कुलदीपच्या पुस्तकात नव्हते.

ज्ञानेश्वरी सांगू लागली. बिछाना खिडकीजवळ आहे. पाण्याचा तांब्या... आणि थांबली. तिने कोपऱ्यात पाहिले. बाईंना तिच्या डोळ्यांत दोन्ही वाक्ये स्पष्ट दिसली, एक पाठ केलेले, एक खरे. क्षणभर बाईंना वाटले, मान हलवावी. कोणत्या बाजूने, ते ठरेना.

“तांब्या डोंगराच्या बाजूला असतो,” ज्ञानेश्वरीने जपानीत सांगितले. कुलदीपने कपाळाला हात लावला. पण वाक्य सुटले होते आणि त्यामागून बाकीची आली: आजोबांना नीट दिसत नाही. ते कूस बदलतात तेव्हा उजवे कोणते ते त्यांना कळत नाही. डोंगर कळतो. चष्मा समुद्राच्या बाजूला ठेवते. मग ते स्वतः घेतात, मला हाक मारावी लागत नाही. “पंधरा दिवस मी उजवे-डावे म्हणाले,” ती म्हणाली, “तर ते पाणी मागेनासे झाले. माझी चूक झाली. माफ करा.”

 पडद्यावर होरिउचि-सान पुढे वाकल्या. त्यांनी विचारले, ही पद्धत तुला कोणी शिकवली? ज्ञानेश्वरी म्हणाली, आजोबांनीच. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, आमच्या कोबेत सगळे असेच बोलतात. आमच्यामागे डोंगर आहे, पुढे समुद्र. स्टेशनच्या डोंगरबाजूला भेटू, दुकानाच्या समुद्रबाजूला थांब. उत्तर-दक्षिण आमच्याकडे कोणी म्हणत नाही. टोकियोहून येणारी मुले आमच्या म्हाताऱ्यांना उजवे-डावे सांगतात आणि म्हातारी माणसे गप्प बसतात. “त्यांना हे शिकवायला मला एक वर्ष लागते,” त्या म्हणाल्या, आणि मग एक प्रश्न विचारला जो कोणत्याच पुस्तकात नव्हता: “एप्रिलमध्ये येशील?”

कुलदीप आनंदाने बाहेर धावला. दाराबाहेर मानसिंग उठून उभे राहिल्याचा, बाक सरकल्याचा आवाज आला. निशिगंधाबाई कोपऱ्यातच उभ्या होत्या.

त्यांना राग आला होता. तो आरडाओरडा करणारा राग नव्हता. थंड होता, आणि त्याला अडतीस वर्षांची शिस्त होती. त्या प्राध्यापकांना जपानी उत्तम येत होते यात वाद नाही. फक्त ते कुठे बोलले जाते हे त्यांना ठाऊक नव्हते. जगात जेवढी गावे डोंगर आणि पाण्यामध्ये वसली असतील तेवढी सगळी एका इस्त्रीच्या कॉलरने बांधावर ठेवली होती. पण रागाचा हा भाग सोपा होता, ते प्राध्यापक तर केव्हाच वारले होते. अवघड भाग दुसरा होता. पंधरा दिवस ज्या कोणी म्हाताऱ्या माणसाला पाणी मागू दिले नाही, त्याचे नाव शोधायला अडतीस वर्षे मागे जावे लागत नव्हते.

कुलदीप परत आला तो पेढ्यांसह. मॅडमच्या पायाशी वाकला, आणि वाकल्या वाकल्याच म्हणाला, “मॅडम, ते तुमच्या वहीतलं डोंगर-खाडीवालं चॅप्टर द्या ना. कोबेची पुढची बॅच आहे, स्पेशल मॉड्यूल करतो.”

“वही घरी आहे,” बाई म्हणाल्या. “टेबलाच्या खाडीअंगाच्या खणात. ये आणि शोध.”

“म्हणजे डावीकडच्या?”

 बाई तोवर जिना उतरत होत्या.

*

घरी पोहोचल्या तेव्हा ज्ञानेश्वरीच्या जागी शेजारच्या विमलबाई बाबांजवळ बसल्या होत्या. त्या गेल्या. नामा उशीला टेकून जागे होते. ओठ सुकले होते. बाईंनी माठातून तांब्या भरला आणि खाटेजवळ येऊन उभ्या राहिल्या. कुठे ठेवू, असे त्यांनी विचारले.

नामांचे बोट उठले आणि मध्येच थांबले. मुलीला दिलेला शब्द त्यांच्या लक्षात होता. बराच विचार करून, परीक्षेला बसलेल्या माणसासारखे, ते म्हणाले, “डाव्या हाताला?”

निशिगंधाबाई खाली बसल्या. जी बोली त्यांनी विसाव्या वर्षी बांधावर ठेवली होती, ती तिथेच होती की नाही याची त्यांना खात्री नव्हती. 

“बाबा, मना डावा-उजवा नाय समजत. डोंगर कंच्या अंगाला हाय, ता सांग तू.”

नामांनी मान वळवली आणि आवाजाच्या रोखाने पाहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. ते मायेचे होते त्यापेक्षा खवचट जास्त होते.

“एवरी शिकलीस,” ते म्हणाले, “न डोंगर म्हाईत नाय?”

आणि त्यांनी हात लांब करून दाखवला. खिडकीतून, सोसायटीच्या भिंतीतून, टॉवरच्या बावीस मजल्यांतून आरपार. रोख जराही चुकला नव्हता. बाईंनी तांब्या त्या बाजूला ठेवला. नामांनी न चाचपडता तो उचलला, पोटभर पाणी पिऊन खाली ठेवला, आणि विचारले की आज भरती कवा हाय.